कोकिळाबाईचे शून्य मजले

"काकू, आजबी शून्यच हाये."

राजकुमारनं फोन टेबलावरून तिच्याकडं सरकवला. ग्रामपंचायतीच्या खोलीत पंखा फिरत होता, पण त्याची हवा राजकुमारच्या खुर्चीपाशीच संपे. कोकिळाबाई टेबलापुढं उभी होती. बस म्हणून कोणी म्हटलं नाही, आन म्हटलं असतं तरी ती बसली नसती. एकदा बसली का गुडघे तिले उठू देत नव्हते.

"शून्य म्हंजे?"

"म्हंजे तुमी आज एकबी मजला चढल्या नाही. हे पाहा. पावलं सहा हजार दोनशे. मजले शून्य."

"सकाळी साडेपाचाले चढली ना मी. शाळेच्या भिंतीजवळ शेषराव दात घासू राह्यला होता, त्याले विचार."

"शेषरावकाकाले चष्म्याबिगर म्हैस दिसत नाही, काकू."

"मंग मी काय खोटं बोलू राह्यली का?"

"मी कुठं म्हनतो? फोन म्हनते."

आता फोनासोबत काय भांडावं? कोकिळाबाईनं फोन उचलला, पदरात गुंडाळला आन बाहेर पडली. बाहेर पडताना चप्पल जोरात आपटली. तेवढं तिच्या हातात होतं.

गाव जानेफळच्या पुढं, मोठा रस्ता सोडून आत. पाण्याची टाकी गावाच्या वरच्या अंगाले, शाळेच्या मागं. टाकीले चौऱ्याऐंशी पायऱ्या, खांबाभोवती गोल गोल फिरत वर जाणाऱ्या, आन त्याच्यावर बारा दांड्यांची लोखंडी शिडी. कठडा एका बाजूनं साबूत, दुसऱ्या बाजूनं अर्धा उडालेला. रोज सकाळी नळ सोडायच्या आधी एक खेप, संध्याकाळी टाकी भरताना एक खेप. वर जायचं, झाकण सरकवायचं, बादलीत ब्लिचिंग पावडर कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी टाकीत ओतायचं. हे काम निवृत्तीनं, म्हंजे तिच्या नवऱ्यानं, बावीस वर्षं केलं. पावडरीचा भपकारा छातीत बसत गेला आन त्याले दमा लागला. मंग तीन वर्षांपासून कोकिळाबाई. कागदावर नाव आजबी निवृत्तीचंच. महिन्याच्या शेवटी पंचायतीची मिटिंग होती, आन त्या मिटिंगीत ते नाव बदलून तिचं टाकायचं का दुसरा माणूस पाह्याचा, हे ठरणार होतं.

सारं बिघडलं दिवाळीनंतर. खालच्या मोहल्ल्यात हगवण लागली. दोन लेकरं सलाईनवर गेले. लोकाहीनं पयलं बोट कोकिळाबाईकडं केलं. ही पावडरच टाकत नसन. बाईमानूस कुठं रोज टाकीवर चढते? गावची आशा वर्कर सुवर्णा, तिच्याजवळ पाणी तपासायच्या औषधाची बाटली राहे. नळाच्या पाण्यात चार थेंब टाकले आन पाणी पिवळं झालं का पावडर पडली समजायचं. पण ती बाटली संपली होती आन नवी येते येते म्हणून दोन महिने झाले होते. खालच्या मोहल्ल्यातली पाईपलाईन नालीतून जाते, तिले तीन ठिकाणी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळेल हायेत, हे कोणी बोलत नव्हतं. पाईप दुरुस्त कराले खोदावं लागते. बाईले बोल लावाले काही खोदावं लागत नाही.

तर त्या वक्ताले राजकुमारनं ही अक्कल काढली. राजकुमार म्हंजे सरपंच सिंधूताईचा पोरगा. पुण्याले सहा वर्षं कंपनीत होता, आता घरीच बसून लॅपटॉपवर काम करते. पोरगा वाईट नाही. आवाज चढवत नाही, मोठ्यायले मोठं म्हणते. फक्त त्याचा मशिनीवर लय भरोसा. त्याच्या कंपनीत म्हणे शर्यत राहे, लिफ्ट सोडून कोण जास्त जिने चढते याची, आन फोन ते मोजे. पयल्या नंबराले बक्षीस.

"लिफ्ट चालू होती का तिथली?" कोकिळाबाईनं विचारलं होतं.

"हो ना."

"आन तरी लोक पायऱ्या चढत?"

"तब्येतीसाठी, काकू."

कोकिळाबाई पुढं काही बोलली नव्हती. अशा गोष्टीवर बोलाले अंगात जोर लागते.

तिचा स्वतःचा फोन साधा होता, त्याच्यात मजले दिसतच नव्हते. म्हणून राजकुमारनं आपला जुना भारी फोन तिले वापराले दिला. समजावून बी सांगितलं. "याच्यात हवेचा दाब मोजाचं यंत्र हाये, काकू. मानूस वर गेला का हवेचा दाब कमी होते. तीन मीटर वर गेल्या का एक मजला. टाकी पंधरा मीटर, म्हंजे पाच मजले. दोन खेपा, दहा. रोज संध्याकाळी मले दाखवजा, मी गावाच्या ग्रुपवर टाकतो. लोकाहीचं तोंड बंद."

"आन उतरनं?"

"उतरनं नाही मोजत हा फोन."

"काऊन?"

राजकुमारनं जरा विचार केला. "उतराले मेहनत नाही लागत ना."

"माह्या गुडघ्याले विचार एकडाव," ती म्हणाली. "चढताना हे गुडघे नुसते बोंबलतात. उतरताना शिव्या देतात."

तो हसला. त्याले वाटलं काकू मजाक करून राह्यल्या.

आता खरी गोष्ट अशी का कोकिळाबाई रोज चढत होती, आन फोन बी रोज वर जात होता. फक्त दोघं सोबत जात नव्हते. लुगड्याले खिसा कुठं राह्यते? पयल्या दिवशी तिनं फोन कमरेले खोसला. तिसाव्या-बत्तिसाव्या पायरीवर तो सुळकन घसरला, निऱ्यांमध्ये अडकला म्हणून वाचला. एवढा भारी फोन, परक्याचा! हातात धरावं तर एक हात कठड्याले पाह्यजे आन एक हात गुडघ्यावर. म्हणूनच तर पावडरीची बादली बी ती हातात नेत नव्हती. टाकीवरून खाली सोडेल दोरीले बादली बांधून ठेवायची, मोकळं वर जायचं, आन वर पोचल्यावर बादली ओढून घ्यायची. निवृत्तीची बी हीच पद्धत होती. मंग तिनं फोन प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळला आन पावडरीच्या पुडीजवळ बादलीतच ठेवला. रोज सकाळी कोकिळाबाई ठेचकाळत चौऱ्याऐंशी पायऱ्या चढे, आन तिच्या मागून फोन दोरीवर झुलत झुलत वर येई, पाळण्यातल्या लेकरासारखा.

फोन कुठं ठेवता म्हणून राजकुमारनं कधी विचारलं नाही. तिनं बी सांगितलं नाही. तिले वाटे वर गेला म्हंजे वर गेला.

असे अकरा दिवस झाले. अकरा शून्यं ग्रुपवर पडली. खाली कोणी हसायचं चित्र टाके, कोणी हात जोडेल. रामराव मेंबरानं लिहिलं, 'माझा पुतण्या ऋत्विक रिकामाच आहे, गावाची सेवा करेल.' ऋत्विक बावीस वर्षांचा, भरतीची तयारी करतो म्हणून दिवसभर पारावर.

बाराव्या दिवशी सकाळी कोकिळाबाई बाजेवरून उठाले गेली आन डावा गुडघा वाकेचना. फुगून नारळाएवढा झालेला. तिनं तेल चोळलं, गरम विटेनं शेकलं. दोन घंट्यानं चालता येऊ लागलं, पण चौऱ्याऐंशी पायऱ्या काही जमणार नव्हत्या. व्हॉल्व्ह खालीच होता. तिनं लंगडत जाऊन व्हॉल्व्ह फिरवला, नळ सोडले आन घरी आली. एक दिवस. एका दिवसानं काय होते?

दुपारी बकरी सुटली. दावं तोडून शाळेमागच्या टेकडीवर गेली. निवृत्तीले तर दहा पावलं चालवत नाही, मंग कोण जाईन? कोकिळाबाईच गेली. फोन घरी ठेवला आन कोणी नेला तर नवी आफत, म्हणून पन्नीत गुंडाळून गळ्यात अडकवला. टेकडीले चढ हलका, पायऱ्या नाहीत, पाय टेकवत टेकवत हळूहळू जाता येते. तरी लंगडत लंगडत, बकरीले शिव्या देत, ती पार देवीच्या दगडापर्यंत गेली तेव्हा बकरी भेटली.

संध्याकाळी फोन दाखवाले गेली. राजकुमारनं पाह्यलं आन खुर्चीवरून उठला.

"अकरा! काकू, अकरा मजले!"

"काय?"

"दहा पाह्यजे होते, अकरा हायेत. शाब्बास! काय केलं आज?"

तोंडापर्यंत आलं होतं तिच्या का आज मी टाकीवर गेलीच नाही. पण त्यानं तोपर्यंत ग्रुपवर टाकून दिलं. ती घरी पोचायच्या आधी खाली तीन अंगठे, दोन गुलाबाचे फुलं, आन सिंधूताईचं 'अभिनंदन'.

घरी येऊन ती चुलीपुढं बसली आन भाकर थापता थापता थांबली. तिचं डोकं काही बंद नव्हतं. शाळा चौथीपर्यंतच, पण हिशेब नजरेतून सुटत नव्हता. चढली तर शून्य. नाही चढली तर अकरा. म्हंजे या फोनाले टाकीशी काही घेणं-देणं नाही. त्याले टेकडी बी चालते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा थोडा बरा होता. चढता आलं असतं. ती टाकीखाली उभी राह्यली, वर पाह्यलं. गोल गोल पायऱ्या. कबुतरं. मंग व्हॉल्व्ह फिरवला आन घरी आली. दुपारी बकरी सुटली नव्हती, तिनं सोडली. टेकडीवर नेली, वर बसून राह्यली, वारा खाल्ला. तीन वर्षांत असा वारा तिनं खाल्ला नव्हता. फोननं तेरा दाखवले. राजकुमारनं लिहिलं, 'कोकिळाकाकू जोरात!'

रात्रीच्या जेवणाआधी निवृत्तीनं लोटा तोंडाले लावला, एक घोट घेतला आन लोटा खाली ठेवला. त्याले बोलायला बी दम पुरत नव्हता, म्हणून तो थोडंच बोले.

"कालपासून पान्याले वास नाही," तो म्हणाला.

ती भाकर परतत राह्यली.

"पावडर संपली का?"

"नाही."

"मंग?"

"गुडघा सुजला होता."

"काल सुजला होता," निवृत्ती म्हणाला. "आज तू टेकडीवर गेली होती."

बस. एवढंच. रागावला असता, ओरडला असता तर तिनं बी चार सुनावल्या असत्या. तुमी बावीस वर्षं काय दिवे लावले, छाती फुकट घालवली. पण तो भिंतीकडं तोंड करून खोकत राह्यला आन ती तव्यापुढं. भाकरीचा पापुद्रा करपला.

तिसऱ्या दिवशी ती चढली. यावेळी फोन गळ्यातच अडकवला, जसा टेकडीवर नेला होता तसा. चौऱ्याऐंशी पायऱ्या, बारा दांड्या. वर बसून धापा टाकत तिनं पन्नी सोडली. चार मजले. पाचवा कुठं गेला देव जाणे, पण शून्य तर नव्हता. आन मंग तिच्या ध्यानात आलं. फोनाले नुसतं वर गेलेलं चालत नाही. पाय बी हलले पाह्यजेत. बादलीत बसून झुलत येणाऱ्याले तो चढला असं मानत नाही. ज्याचे पाय दुखले त्याच्याच अंगावर तो पाह्यजे. एवढी साधी गोष्ट आन अकरा दिवस तिची गावभर नाचक्की! तिनं तिथंच एक कचकचून शिवी हासडली. कबुतरं उडाले.

त्या दिवशी नऊ मजले झाले. पुढचे चार दिवस कधी नऊ, कधी दहा. ग्रुप गप्प झाला. रामराव बी गप्प.

मिटिंगीच्या दिवशी पंचायतीत पंधरा-वीस माणसं, चार बाया. सिंधूताई मधात बसल्या, डोक्यावर पदर, हातात चष्मा. राजकुमारनं कागद वाचला. "पयले अकरा दिवस, शून्य. बारावा दिवस, अकरा. तेरावा, तेरा. त्याच्यानंतर रोज नऊ ते दहा." मंग कागद खाली ठेवून तो चांगल्या मनानं म्हणाला, "म्हंजे बगा, सुरुवातीले काकूकडून जरा कामचुकारपना झाला. पन फोन लागल्यापासून त्या सुधारल्या. मानसावर लक्ष ठेवलं का मानूस सुधरते. माह्यं म्हननं हाये का त्याईचं नाव टाकून द्यावं."

लोकाहीनं माना हलवल्या. सिंधूताईनं पेन उचललं.

कोकिळाबाईनं फक्त गप्प बसायचं होतं. दोन मिनिटं. नाव आपोआप लागत होतं. पण 'सुधारल्या' हा शब्द तिच्या कानात मुंगीसारखा शिरला आन आतून चावला.

"थांबा," ती म्हणाली. "कोन सुधारलं?"

"काकू, आता काही—"

"नाही, सांग. कोन सुधारलं? ते अकरा शून्य हायेत ना तुह्या कागदावर? त्या अकराच्या अकरा दिवशी मी चढली. दोन्ही खेपा. फोन बादलीत होता, दोरीवर. त्यानं पाय हलवले नाही म्हनून त्यानं मोजलं नाही. आन जे दोन दिवस तू अंगठे टाकले, फुलं टाकले, ते दोन दिवस मी टाकीले हातबी लावला नाही. टेकडीवर होती मी. बकरीमागं."

सिंधूताईनं पेन खाली ठेवलं.

"पावडर?" सिंधूताईनं विचारलं.

"नाही टाकली. दोन दिवस सारं गाव बिनपावडरीचं पानी पेलं. माह्या हातानं." तिचा आवाज खाली आला. "गुडघा सुजला होता म्हनू शकते. पन दुसऱ्या दिवशी नव्हता सुजला."

मंग जो गोंधळ उठला तो उठला. "मी म्हनतच होतो!" रामराव ओरडला. "तोंडानं कबूल झाली! लेकराहीच्या जिवाशी खेळते ही बाई!" खालच्या मोहल्ल्यातली एक बाई म्हणाली, "माय वं, कबूल तरी झाली, बाकीचे कुठं होतात?" तिचं कोणी ऐकलं नाही. राजकुमार तोंड उघडं ठेवून कागदाकडं पाहत होता, जसं काही कागदानं त्याले शिवी दिली. शेवटी ठरलं का आठ दिवस कोकिळाबाईनं थांबावं, ऋत्विकनं काम पाहावं, मंग बघू. फोन ऋत्विककडं. खिशात ठेवायचा, बादलीत नाही. ही सूचना रामरावनं खास लिहून घेतली.

घरी आली तेव्हा निवृत्तीनं विचारलं, "काय झालं?"

"गेलं."

"काय बोलली?"

"खरं बोलली."

तो खोकला, का हसला, तिले समजलं नाही. दोघांहीनं चहा घेतला.

पयल्या दिवशी ऋत्विकचे ग्रुपवर चौदा मजले पडले. दुसऱ्या दिवशी पंधरा. तिसऱ्या दिवशी चौदा. पोरगं तरुण हाये, लोक म्हणाले, उड्या मारत जात असन. कोकिळाबाईनं आपल्या जुन्या फोनावर ते पाह्यलं आन बाजूले ठेवून दिलं. आठ दिवस का होईना, गुडघ्याले आराम होता. कोणी म्हटलं असतं का आता कायमचंच बस घरी, तर तिनं भांडण बी केलं नसतं. एवढी ती थकली होती.

आता आपलं काम नाही म्हणून तीन दिवस दोघांहीनं पाण्याचं नाव काढलं नव्हतं. चौथ्या दिवशी सकाळी नळाले पाणी आलं. तिनं हंडा भरला आन ओंजळ नाकाले लावली. काहीच नाही. विहिरीच्या पाण्यासारखं, सपाट. तिनं परत वास घेतला. मंग निवृत्तीपुढं ओंजळ धरली. त्यानं फक्त मान हलवली.

चौदा मजले. टाकीले पाच. दोन खेपांचे दहा. चौदा कुठून येतात? पंधरा? कुठून येतात ते गावात एकच बाई सांगू शकत होती, आन तिनंच भर मिटिंगीत साऱ्यायले सांगून ठेवलं होतं. टेकडी. बकरीबिगर सुद्धा जाता येते.

तिनं लोटा भरला आन सिंधूताईच्या घराकडं निघाली. डावा पाय ओढत, पण थांबली नाही.

राजकुमार ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसला होता. "काकू? बसा ना."

"वास घे."

"कायचा?"

"घे म्हनते ना. पानी हाये, जहर नाही."

त्यानं लोट्यात नाक घातलं. "काही वास नाही."

"तेच तर. पावडर पडली का वास येते. तीन वर्षं झाले, माह्या हाताचा वास जेवताना बी जात नाही."

"पन काकू, त्यानं काल चौदा..." तो फोन काढू लागला.

"मंग हे पानी तुह्या फोनाले पाज!" कोकिळाबाई अशी ओरडली का आतून सिंधूताई बाहेर आल्या. "तुमच्या घरी विकतच्या पान्याचा जार येते, राजकुमार. निळ्या झाकनाचा. तुमाले वासाचं काय मालूम? खालच्या मोहल्ल्यात जार येत नाही. त्याईचे लेकरं हे पेतात. मले कामावर नका घेऊ. पन कोनीतरी चढा रे बाप्पा. कोनीबी चढा!"

सिंधूताईनं लोटा हातात घेतला. वास घेतला. पोराकडं पाह्यलं. "जा तिच्यासंग," त्या म्हणाल्या. "तुह्याच डोक्यातून निघालं हे."

दोघं टाकीखाली आले. ऋत्विक नव्हता. व्हॉल्व्ह चालू होता, पाणी गावात चाललं होतं. राजकुमार वर पाहत म्हणाला, "तो चढलाच नाही असं कसं म्हनावं पन? कोनी पाह्यलं नाही, आन फोन तर..."

"ये इकडं."

ती पायऱ्या चढू लागली. पयल्या वळणाशी थांबली. पायऱ्यांवर कबुतरांची घाण साठली होती, पांढरी, सुकलेली, एकाबी पायाचा ठसा नाही. आन खांबापासून कठड्यापर्यंत, बरोबर माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, कोळ्यानं जाळं विणेल होतं. चांगलं मोठं, भरलेलं. मधात कोळी बसेल. दोन माशा गुंडाळून ठेवेल. सकाळचं ऊन त्याच्यातून आरपार येत होतं.

"हे किती दिवसांचं असन?" कोकिळाबाईनं विचारलं.

राजकुमार जाळ्याकडं पाहत राह्यला. त्यानं बोट पुढं केलं, पण लावलं नाही.

"तीन दिवसांचं तरी," ती म्हणाली. "मी रोज चढे तेव्हा याले बसायले जागाच भेटत नव्हती."

त्याच्या मनगटावरचं घड्याळ थरथरलं, काहीतरी मेसेज आला असन, त्यानं पाह्यलं सुद्धा नाही. कान लाल झाले होते त्याचे.

"खाली जा," ती म्हणाली. "व्हॉल्व्ह बंद कर. पावडरीचं पोतं टाकीखालच्या खोलीत हाये, टिनाच्या मागं. दोन वाट्या बादलीत टाक. आन दोरी बांधजो नीट, नाहीतर मधातच सुटन."

तिनं हातानं जाळं बाजूले केलं आन वर निघाली. एक हात कठड्याले, एक हात गुडघ्यावर. चाळीस पायऱ्यांवर थांबली, श्वास घेतला. साठाव्या पायरीवर थांबली. खालून राजकुमार दोरी बांधताना दिसत होता, पयल्यांदा बांधली ती सुटली, दुसऱ्यांदा नीट बसली. ती शिडी चढून वर पोचली, झाकणाजवळ बसली आन बादली ओढू लागली. अर्ध्यावर हात दुखले. तिनं खाली पाह्यलं तर राजकुमार पायऱ्यांवर होता. चढत होता. वर आला तेव्हा त्याच्या तोंडाले फेस यायचा तेवढा बाकी होता.

"काकू..." त्याले पुढं बोलवेचना.

"बोलू नको. ओढ."

त्यानं बादली ओढली. मंग तिनं दाखवलं तसं टाकीतलं पाणी काढून पावडर कालवली. भपकारा उठला, त्याच्या डोळ्यातून पाणी आलं, तो खोकला, तोंड फिरवलं, परत कालवू लागला. तिनं सांगितलं, गाळ बसू दे, घाई करू नको. तो थांबला. दोघं टाकीवर बसले. खाली गाव. नळाचं पाणी मधातच थांबलं म्हणून बाया हंडे घेऊन बाहेर आल्या होत्या आन वर पाहून काहीतरी ओरडत होत्या.

"सोमवारी मिटिंग बोलावतो, काकू," राजकुमार म्हणाला. "तुमचं नाव टाकतो. मी स्वतः सांगतो साऱ्यायले."

कोकिळाबाईनं पदरानं तोंड पुसलं.

"ते दोन दिवसबी सांगजो," ती म्हणाली. "ते लपवू नको. आन एक मानूस अजून पाह्यजे. एक खेप माही, एक त्याची. दोन्ही खेपा आता माह्यानं होत नाही. मंजूर असन तर नाव टाका."

"आन नसन मंजूर तर?"

पाय सोडून, पाठ शिडीच्या दांड्याले टेकवून ती बसली होती. खाली बायांचा आवाज वाढत चालला होता.

"गाळ बसला," ती म्हणाली. "ओत आता. हळू."